रामरामाचं बटण

वारंगा फाट्यावर फारुकचं गेमचं दुकान होतं. पाटीवर ‘न्यू फारुक व्हिडिओ गेम’ असं लिहिलेलं. जुनं फारुक व्हिडिओ गेम कधीच कुठं नव्हतं, पण ‘न्यू’ लावल्याशिवाय दुकानाला वजन येत नाही असं त्याचं ठाम मत होतं. आधी तो त्याच जागेत टेप आणि रेडिओ दुरुस्त करायचा. लोकांनी टेप ऐकणं सोडलं तेव्हा त्यानं नांदेडहून जुने टीव्ही आणि सीडीवर चालणाऱ्या मशिनी आणल्या, भिंतीला निळा रंग मारला, आणि फाट्यावरची रिकामी पोरं आपोआप आत येऊन बसली. साल असेल दोन हजार चारच्या आसपासचं.

दुकानासमोर लिंबाखाली रूपाबाईची टोपली असे. हंगामाप्रमाणं कधी भाजलेली कणसं, कधी हरभऱ्याचे ढाळे, कधी उकडलेल्या शेंगा. बस थांबली की ती खिडक्यांखालून टोपली घेऊन फिरायची, आणि बस गेली की पुन्हा लिंबाखाली येऊन टेकायची. जवळच्या तांड्यातली बंजाऱ्याची बाई, वय चाळिशीच्या पुढचं, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि आवाज असा की बस सुरू असली तरी मागच्या सीटवरच्याला ऐकू जावा. तिचा नवरा बाबूसिंग शांत माणूस होता. एका घरात दोन आवाज मावले नसते, म्हणून त्यानं आपला बंद ठेवला होता, असं तांड्यातले लोक म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात फारुकनं नांदेडहून सीड्यांचा एक गठ्ठा आणला आणि त्यात एक चुकून भलतीच आली. सगळी अक्षरं जपानी. कोणाला वाचता येईना, आणि विचारायचं तर वारंगा फाट्यावर जपानी माणूस आणायचा कुठून? गेममधला हिरोही तसलाच. पोरांना ताठ, दंडाचे गोळे दाखवणारा गडी पाहिजे होता, आणि हा निघाला म्हातारा. केसांचा अंबाडा बांधलेला, हातात एक तलवार. पोरांनी त्याचं नाव ‘बाबा’ ठेवलं. बाबाला दोन वार बसले की बाबा आडवा. पोरं रिमोटवरचं फुलीचं बटण धडाधड दाबत तलवार चालवायची आणि पहिल्याच पुलावर मरायची.

त्यातून त्रिकोणाच्या बटणाची गंमत. ते दाबलं की बाबा तलवार दोन्ही हातांनी उभी धरून तोंडासमोर आणायचा, क्षणभर, आणि परत खाली घ्यायचा. अगदी हात जोडल्यासारखा. समोरचा दुश्मन तलवार उगारून अंगावर येतोय आणि आमचा हिरो त्याला म्हणतोय, रामराम पाव्हणं! पोरं हसून हसून लोळली. त्या बटणाचं नाव पडलं रामरामाचं बटण. पण मारामारीच्या मधेच रामराम घालणारा हिरो किती दिवस चालणार? हसू ओसरलं तशी पोरं चिडली, पैसे वाया गेले म्हणू लागली, आणि आठवड्यातच सगळ्यांनी त्या गेमला रामराम ठोकला.

फारुकनं ती सीडी उचलली आणि बाहेर येऊन रूपाबाईला दिली. “घे मावशी, शेतात बांध. उन्हात चमकती, पाखरं येत न्हाईत.”

रूपाबाईनं सीडी उलटीसुलटी करून पाहिली. लिंबाखालून दुकानाचं दार सरळ दिसायचं, त्यामुळं बाबाचं येणं आणि मरणं ती कित्येक दुपारी पाहत आलेली होती. पाहता पाहता तिच्या डोक्यात काहीतरी सलत होतं. “बांधते की,” ती म्हणाली. “पण आधी एकदा मला खेळू दे.”

“तुला?”

“काहून? माझ्या हाताला बोटं न्हाईत का?”

फारुकची आई मदीनाबी दुकानाच्या दाराशी बाजेवर सुपारी कातरत बसायची. ती म्हणाली, “दे की रे. दुपारचं कोन हाय इथं? तेरा टीव्ही घिस जायेगा क्या?” आईपुढं फारुकचं काही चालत नसे. त्यानं सीडी लावली आणि रिमोट रूपाबाईच्या हातात दिला.

बांगड्या कोपरापर्यंत सरकवून रूपाबाई बाकावर बसली. पहिल्यांदा मेली. दुसऱ्यांदा मेली. पोरांसारखं ती फुलीचं बटण दाबतच नव्हती, नुसती समोरच्या दुश्मनाकडं टक लावून बघत होती. तलवारीकडं नाही, त्याच्या खांद्याकडं. मग दुश्मनानं खांदा उचलला, वार खाली यायला लागला, आणि वार लागणार तेवढ्यात तिनं त्रिकोण दाबला. ठण्ण! पांढरी ठिणगी उडाली. दुश्मनाची तलवार उलटी फेकली गेली, त्याचा तोल गेला, आणि तो उघड्या छातीनिशी समोर उभा राहिला. रूपाबाईनं फुली दाबली. एकाच वारात दुश्मन खलास.

फारुकच्या हातातला पाना खाली पडला.

“अरे येड्यांनो,” रूपाबाई म्हणाली, जरी तिथं येडा म्हणण्यासारखा फारुक एकटाच होता, “हा रामराम घालून न्हाई राहिला. हा अडवून राहिला!”

तिला हे कुठून समजलं, तर धुळवडीतून. तांड्याच्या होळीत एक खुंटा रोवतात आणि त्याला गोडधोडाची हंडी बांधतात. बाया काठ्या घेऊन खुंट्याभोवती उभ्या राहतात, त्यांना गेरणी म्हणतात. पुरुषांनी हंडी पळवायची आणि बायांनी त्यांना झोडपायचं. पुरुषांच्या हातात अडवायला काठी असते, मारायला नाही. मार खाल्ल्याशिवाय हंडीला हात लागणं म्हणजे तांड्याची लाज. आणि ह्या गेरणींच्या पुढं, पहिली काठी घेऊन, लग्न झाल्याच्या दुसऱ्या सालापासून रूपाबाई उभी राहत आलेली. कोणता पुरुष नुसती काठी फिरवतो आणि कोणाला खरंच अडवता येतं, हे तिच्या मनगटाला पाठ झालेलं होतं. आधी काठी वर करणाऱ्याला ती हमखास हाणायची. शेवटपर्यंत थांबणारा एखादाच असे, आणि त्याच्यापुढं तिच्या हाताला झिणझिण्या येत. इतकी वर्षं ती मारणारी होती. आता पहिल्यांदाच ती अडवणारी झाली, आणि तिला त्याचा असा काही आनंद झाला की त्या दिवशी दोन बसगाड्या शेंगा न घेताच निघून गेल्या.

सीडी शेतात गेली नाही. पाखरांनी उन्हाळी ज्वारी खाल्ली ती खाल्ली.

त्यानंतर दुपारची बस गेली की रूपाबाई आत. भारनियमनात वीज गेली की बाहेर, आली की पुन्हा आत. ती रोज हरायची आणि रोज हसत बसायची. हरण्याचा तिला राग येत नव्हता, चुकीच्या वेळी बटण दाबल्याचा यायचा. “घाई केली,” ती स्वतःलाच म्हणायची. “भेलीस म्हणून घाई केलीस.” पोरं आधी दारातून टवाळी करायची, मग मागं उभी राहायला लागली, मग रिमोट हातात घेऊन तिलाच विचारायला लागली की मावशी, कधी दाबू? रूपाबाई सांगायची, वार अंगाला लागायच्या एक श्वास आधी. त्याच्या आधी दाबलं तर रामराम, नंतर दाबलं तर राम नाम सत्य.

पोळ्याच्या सुमाराला तिनं बाबाला शेवटच्या किल्ल्यापर्यंत नेलं आणि तिथला काळ्या चिलखताचा सरदार पाडला. पडद्यावर जपानी अक्षरं वर सरकू लागली. मदीनाबीनं टाळी वाजवली, फारुकनं सगळ्यांना चहा सांगितला. आणि रूपाबाईला एकदम रिकामं वाटलं. नवी साडी पहिल्याच दिवशी फाटली तर वाटावं तसं.

“असाच दुसरा दे,” ती फारुकला म्हणाली.

इथून खरी तकलीफ सुरू झाली. असाच म्हणजे कसा, हे सांगायला दोघांकडंही शब्द नव्हता. फारुक नांदेडला गेला की नव्या सीड्या आणायचा. एकात गाड्यांची शर्यत होती, एकात फुटबॉल. एकात तलवारी होत्या, पण त्यात बटणं नुसती धोपटत राहिलं तरी माणसं गवतासारखी पडत. रूपाबाईनं तो थोडा वेळ खेळून रिमोट खाली ठेवला. “ह्यात नुसतं हाणायचं हाय. अडवायचं कुठंय? आन् हे दुश्मन तर मरायलाच आल्यावानी येऊन राहिले. असला आयता मेलेला दुश्मन मला नको.”

“मावशी, लोक सोपा गेम मागतात गं.”

“मंग लोकाला दे. मला अवघड पाहिजे. ज्याच्यात थांबावं लागतं, तो पाहिजे.”

फारुकनं हात टेकले. तेव्हा मदीनाबी म्हणाली की गुडघे दाखवायला तिला नांदेडला जायचंच आहे, तर रूपा, तू चल माझ्याबरोबर, आपणच शोधू. आणि एका मंगळवारी दोघी बसनं निघाल्या. एक बुरख्यात, एक हातभर बांगड्यांत.

नांदेडच्या दुकानदारानं त्यांना पाहून भक्तिगीतांचा ट्रे पुढं सरकवला. रूपाबाईनं तो मागं लोटला. “गेम दाव. दुश्मन हाणतो, आपण बराबर टायमाला अडवायचं, आन् अडवलं की त्याचा तोल जाया पाहिजे. नुसती ढाल धरून बसायचं, तसला नको. टायमाचा पाहिजे.”

दुकानदार तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं एक लावून दाखवला. रूपाबाईनं बटणं दाबून पाहिली आणि मान हलवली. दुसरा लावला, तोही नाही. टीव्हीसमोरच्या स्टुलावर ती अशी बसली होती, जशी बाजारात म्हशीचे दात बघायला लोक बसतात. बऱ्याच वेळानं दुकानदारानं खालच्या खणातून एक सीडी काढली, धूळ झटकली आणि म्हणाला, “आँटी, ये ले जाव. लेकिन बहुत कठिन है. इसमें एक वार बैठा तो खतम. लडके लोग रोते रोते वापस लाके देते.”

रूपाबाईनं लावून पाहिलं. पहिल्याच माणसानं तिला एका वारात मारलं. ती हसली. “हाच,” ती म्हणाली.

बसमध्ये तिनं सीडी मांडीवर धरून ठेवली होती. मदीनाबीच्या गुडघ्याला डॉक्टरनं काय सांगितलं, ते दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

आता तांड्यातली बाई फाट्यावर शेंगा विकते, ह्याला कोणाची हरकत नव्हती. ती पोरांच्या बाकावर बसून गेम खेळते, ह्यावर कुजबुज होती. पण गेम आणायला नांदेडला गेली म्हटल्यावर कुजबुजीला कंठ फुटला. धर्मसिंग तांड्याचा नायक. नात्यानं रूपाबाईचा चुलत दीर, वयानं धाकटा, आणि नायकाचा फेटा बापामागं नुकताच डोक्यावर आलेला, त्यामुळं तो फेटा सारखा चाचपून बघणारा. बापाच्या काळी अमुक झालं नसतं, असं कोणी म्हटलं की त्याला रात्री जेवण जात नसे. रूपाबाईविषयी नेमकं तेच सगळे म्हणू लागले. माघाच्या शेवटाला, होळी तोंडावर आली असताना, त्यानं नसाब बसवला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. पुरुष पुढं पारावर, बाया मागं पदर ओढून.

बाबूसिंग आदल्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाला होता, “हात जोड, चुकले म्हण, मिटव. दोन शब्दाचं तर काम हाय.”

“कोणाचं चुकलं?” रूपाबाईनं विचारलं.

बाबूसिंगनं भाकरीचा घास मोडला.

पारावर धर्मसिंगनं घसा साफ केला. तांड्यात आपसात गोरमाटी बोलत, पण त्या दिवशी फाट्यावरचे दोन मोठे लोक आलेले होते, म्हणून तो मराठीत बोलत होता, आणि मराठीत बोलताना त्याचा आवाज जरा सरकारी व्हायचा. “वैनी, तुमी पोरात बसता, हे खरं हाय का?”

“खरं हाय. बसस्टँडावर बसते ते बी पोरातच बसते. तवा कोणी इचारलं न्हाई.”

“तो धंदा हाय. हे खेळणं हाय. बाईमाणसाला खेळ शोभतो का?”

“धुळवडीला तुमच्या पाठीवर काठी बसती, तवा शोभतो का भाऊजी?”

मागच्या पदरांतून हसू फुटलं. धर्मसिंगनं फेटा चाचपला. “नांदेडला गेल्ता.”

“मदीनाबीसंगं गेल्ते. उजेडी गेले, उजेडी आले. तुमी मागं नांदेडला गेल्ता ते कोणासंगं, आन् आले कधी, ते इचारू का इथं?”

ह्यावर पुरुषही हसले. आणि तिथंच चूक झाली. नायकावर पंचायत हसली म्हणजे नायकाला माघार घेता येत नाही. धर्मसिंग उठून उभा राहिला. आता त्याच्या बोलण्यात विचारपूस नव्हती. “हात जोडा. चुकले म्हणा. त्या दुकानात पाय ठेवणार न्हाई म्हणा. न्हाई तर औंदा खुंट्यापाशी तुमी उभं राहायचं न्हाई. औंदा न्हाई, पुढं बी न्हाई. गेरणीत तुमचं नाव संपलं.”

हसणं गेलं. रूपाबाई लग्न होऊन ह्या तांड्यात आली तेव्हा ती कोणाचीच कोणी नव्हती, सासूच्या हाताखालची एक मुकी पोर. पहिल्यांदा तिचा आवाज कोणी ऐकला तो खुंट्यापाशी. तिथं काठी हातात आली आणि ती रूपाबाई झाली. ते जाणार म्हणजे काय जाणार, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आणि धर्मसिंगलाही. म्हणूनच त्यानं तिथंच मारलं.

सगळे तिच्या हातांकडं बघत होते. बाबूसिंग जमिनीकडं बघत होता. तिला वाटलं, जोडावेत हात. दोन शब्दाचं काम. मग तिला वाटलं, आज जोडले तर हे हात पुन्हा कधी काठी धरण्याच्या लायकीचे राहतील का? खुंट्यापाशी उभी राहीन ती कोण असेल?

“न्हाई,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला, पण निघाला. “मी चुकले न्हाई. जिथं चुकते तिथं मी मरते, आन् परत सुरू करते. हे तुमाला कळायचं न्हाई. खुंटा तुमचा हाय तर ठेवा तुमी.”

आणि ती पारावरून निघून गेली. घरी जाऊन मात्र ती पदर तोंडात धरून रडली, खूप रडली. बाबूसिंगनं चूल पेटवली आणि चहा करून तिच्यापुढं ठेवला. चहा अगोड झाला होता. तिनं प्यायला.

धुळवडीच्या सकाळी फारुक म्हणाला की आज दुकान बंद, फाट्यावर कुत्रंही फिरकणार नाही. मदीनाबीनं त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि स्वतः शटर वर केलं. “रूपा आयेगी,” ती म्हणाली. आणि रूपाबाई आली. तांड्याकडून डफाचा आवाज यायला लागला होता. तिनं पाठ तिकडं केली, बांगड्या वर सरकवल्या आणि नांदेडची सीडी लावली. ह्या गेममध्ये ती कित्येक दिवस एकाच माणसापाशी अडलेली. पुलावर उभा असलेला, केस पिकलेला एक लंगडा तलवारवाला. तो घाई करतच नसे. वार उगारायचा आणि मधेच थांबवायचा. तुम्ही अडवायला गेलात की मग मारायचा. रूपाबाईला तो फार आवडायचा, आणि रोज तो तिला मारायचा.

ती मेली. डफ वाजत होता. पुन्हा मेली. डोळ्यांत पाणी आल्यामुळं खांदा नीट दिसत नव्हता. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा सुरू केलं.

दाराशी बांगड्यांचा आवाज झाला. लक्ष्मीबाई उभी होती. धर्मसिंगची बायको. तिच्या हातात गेरणींची पहिली काठी होती, नवऱ्यानं सकाळीच तिच्या हातात दिलेली. मागं बाकीच्या बाया, सगळ्यांच्या हातात काठ्या, कपाळावर गुलाल.

“काहून आली?” रूपाबाईनं विचारलं.

“मला म्हणले, तू पुढं उभी राहा,” लक्ष्मीबाई म्हणाली. चालत आल्यानं तिला धाप लागली होती. “मी म्हणलं, त्या जाग्यावर मी न्हाई राहणार. दुसरीला म्हणले, ती बी न्हाई म्हणली. मंग म्हणलं, चला, रूपाबाई काय करती ते तरी बघू.” एवढं बोलून तिनं काठी भिंतीला लावली आणि बाकावर फतकल मारली. “दाव. कसं अडवतात ते दाव.”

रूपाबाई सरकली आणि तिनं जागा करून दिली. बाया बाकावर, जमिनीवर, उंबऱ्यावर जिथं जागा मिळाली तिथं बसल्या. मदीनाबीनं सुपारी फिरवली.

तिकडं तांड्यात काय झालं असेल ते सांगायला नको. खुंटा उभा, हंडी बांधलेली, आणि राखायला एकही बाई नाही. कोणीही पुढं होऊन हंडी सोडून आणली असती, पण मार न खाता मिळालेली हंडी खायची कोणी? गडी काठ्या घेऊन एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. डफवाल्यानं थोडा वेळ वाजवलं आणि हात थांबवला. आणि सगळे धर्मसिंगकडं बघू लागले.

धर्मसिंग फाट्यावर आला तेव्हा ऊन चढलं होतं. एकटा आला, एवढं बरं केलं. फेट्यावर रंगाचा एक थेंब नव्हता. तो दारात उभा राहिला. आत आपली बायको पहिल्याच बाकावर बसलेली पाहून त्यानं तोंड उघडलं, आणि लक्ष्मीबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं.

“वैनी,” तो म्हणाला, “चला.”

“थांबा जरा,” रूपाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “हा डाव चालू हाय.”

नायक थांबला. दुसरं काय करणार होता? उंबऱ्यावर बायांच्या मधे उभं राहून त्यालाही बघावं लागलं. लंगडा तलवारवाला पुढं आला. वार उगारला, थांबवला. रूपाबाई हलली नाही. पुन्हा उगारला. ठण्ण! बाया ओरडल्या. धर्मसिंग नकळत एक पाऊल आत आला. सालोसाल त्यानं ह्याच बाईची काठी अडवायचा प्रयत्न केलेला होता आणि बहुतेक वेळा खांदा चोळत घरी गेला होता. लंगड्यानं तलवार डोक्यावर नेली.

“आता!” धर्मसिंग ओरडला.

रूपाबाई दचकली, बोट दाबलं गेलं, वार थांबला, आणि मग पडला. लाल रंग पडद्यावर पसरला.

“तुमच्यापायी मेले,” रूपाबाई त्याच्याकडं वळून म्हणाली. “असेच अडवता म्हणून दर साली मार खाता. भेता आन् घाई करता.”

कोणी हसलं नाही. धर्मसिंगनं फेट्याला हात लावला, आणि मग हात खाली घेतला. त्याचा आवाज आता सरकारी नव्हता. “पोरं खोळंबलीत, वैनी. बायाबिगर होळी व्हत न्हाई.”

“मी चुकले म्हणायची न्हाई.”

“नका म्हणू.”

“हात जोडायची न्हाई.”

“मी म्हणलं का जोडा?”

“आन् उद्या बी इथंच बसन. परवा बी.”

हे त्याला गिळायला वेळ लागला. बाहेरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार कळमनुरीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. बाया त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. रूपाबाईनं एक शब्दही मदतीला दिला नाही. ती थांबली. थांबणं तिला आता चांगलं जमत होतं.

“बसा,” धर्मसिंग शेवटी म्हणाला. “नसाबात सांगतो मी.”

“आज सांगा. खुंट्यापाशी, सगळ्यांसमोर.”

“आज सांगतो.”

लक्ष्मीबाईनं भिंतीला लावलेली काठी उचलली आणि रूपाबाईच्या हातात दिली. रूपाबाईनं ती तोलून पाहिली, मनगट फिरवून पाहिलं, आणि दीराला आपादमस्तक न्याहाळलं. बाया उठल्या, उंबरा ओलांडून रस्त्यावर गेल्या. धर्मसिंग त्यांच्यापुढं भराभरा चालायला लागला, जणू आत्तापासूनच अंतर राखलेलं बरं.

मदीनाबीनं मशिनीकडं हात नेला. “रूपा, ये बंद करूं क्या?”

“न्हाई,” रूपाबाई दारातून म्हणाली. “चालूच राहू दे. ह्यांना हाणून येते.”